गुरुवारी चुना, शुक्रवारी वास

हो, मीच बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, दिसणार नाही मी. टाचणीच्या टोकावर माझ्यासारखे हजारो ऐसपैस बसतील आणि वर पाय पसरायला जागा उरेल. मी एक जीवाणू. जंतू म्हणालात तरी चालेल, सवय आहे मला. लोक माझी ओळख व्हायच्या आधीच साबणाने हात धुतात, तिथे नावाचा काय अभिमान धरायचा!

आता तुम्ही विचाराल, की बाबा रे, तुला ना डोळे ना कान, मग तू ही हकिकत सांगणार कशी? वा! शाळेत फाटक्या छत्रीला आणि मोडक्या खुर्चीला खुशाल आत्मवृत्त सांगायला बसवता, तेव्हा नाही कुणाला कान आठवत. मी तर जिवंत आहे. ऐका जरा.

माझा जन्म एका पाण्याच्या प्रयोगशाळेमागच्या गटारात, काळ्या गाळात झाला. नेमका कधी, ते सांगता येणार नाही. आमच्यात वाढदिवस ठेवायची सोय नाही. पोटभर खायला मिळालं की अर्ध्यापाऊण तासात माझे दोन होतात, आणखी तेवढ्याच वेळात चार. त्यातला बाप कोण आणि मुलगा कोण, असले वाद आम्ही घालत नाही. सगळे मीच. म्हणून मी ‘मी’ म्हणालो की त्यात निदान काही कोटी धरून चाला.

गाळात हवा नसते. मग श्वास कसा घेतो? तिथेच तर माझं कसब आहे. खतं घातलेल्या जमिनीतून पाण्याबरोबर नायट्रेट नावाची वस्तू झिरपत येते. एक नायट्रोजन आणि त्याला बिलगलेले तीन ऑक्सिजन, असा तिचा संसार. हवा मिळेनाशी झाली की मी नायट्रेटवर श्वास भागवतो. त्यासाठी माझ्याकडे दोन एन्झाइम आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. मी आपला त्यांना घरचे कामगार समजतो. पहिला कामगार नायट्रेटचा एक ऑक्सिजन काढून घेतो. उरतं ते नायट्राइट, महाविषारी. ते घरात ठेवून चालत नाही. मग दुसरा पुढे होतो. हा अंगात लोखंड बाळगणारा गडी. नायट्राइट एकदा त्याच्या हाती लागलं की सुटका नाही. माझ्या खाण्यातून आलेले सहा इलेक्ट्रॉन तो एका बैठकीत त्याला देतो, उरलेले दोन ऑक्सिजन उतरवतो, जागी हायड्रोजन बसवतो आणि काम हातावेगळं करूनच उठतो. तयार झालेल्या मालाला म्हणतात अमोनिया. बैठका मी पुढे माणसांच्याही पुष्कळ पाहिल्या. तिथून रिकाम्या कपांखेरीज काही बाहेर पडलेलं मला आठवत नाही.

माझे काही चुलतभाऊ याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. तो बुडबुडा होऊन हवेत निघून जातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी तसं करत नाही. मी अमोनिया करतो आणि तो पाण्यातच राहतो. एवढा फरक ध्यानात ठेवा. ज्यांनी ठेवायला हवा होता त्यांनी ठेवला नाही, म्हणून तर हे सगळं घडलं.

एके दिवशी प्रयोगशाळेचे सर गटारावर आले. पायात गमबूट, हातात लांब दांड्याचा डाव. विहिरींच्या पाण्यात नायट्रेट फार वाढलं की तान्ह्या बाळांना ते बाधतं. तेव्हा नायट्रेट खाणारा जीवाणू शोधायचा आणि पाणी स्वच्छ करायचं, असा त्यांचा मोठा प्रकल्प होता. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही. गाळातून सरांनी शंभरेक प्रकारचे आम्ही उचलले, बाटल्यांत घातले, आणि ज्याच्या बाटलीतलं नायट्रेट सर्वांत आधी संपलं त्याला निवडलं. तो मी. मला नाव मिळालं ‘सतरा-ब’. सतरा-अ बिचारा आधीच बेसिनमध्ये गेला होता.

“शून्य!” सर बाटली उजेडात धरून ओरडले. नायट्रेट असलं की औषध टाकल्यावर पाणी गुलाबी होतं. माझं पाणी जसंच्या तसं राहिलं होतं. “बघितलंस? नायट्रेट गायब!”

शेजारी ताई उभी होती. ताई म्हणजे सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी. हुशार, कामसू, आणि सरांपुढे आवाज आत ओढणारी. “सर, पण ते जातं कुठे?” तिने विचारलं.

“हवेत. आणखी कुठे जाणार? पुस्तकं वाचतेस ना?”

ताईने मान डोलावली आणि प्रबंधात लिहिलं, ‘नायट्रेटचे निरुपद्रवी वायूत रूपांतर होते.’ मी बाटलीतून जीव तोडून ओरडत होतो, अहो, अमोनिया तपासा, अमोनिया! पण निकालाच्या छापील तक्त्यात रकाने दोनच होते: नायट्रेट आधी, नायट्रेट नंतर. जे रकान्यात नाही ते जगात नाही, अशी त्या इमारतीची ठाम समजूत होती. तिथल्या हेडक्लार्कला तर सगळे पाठीमागे ‘रकानेसाहेब’च म्हणत.

यथावकाश मला बढती मिळाली. बाटलीतून दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमात! पहिल्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला आमची खोली. झाकण घट्ट, आत हवा नाही, खायला साखरेचं पाणी. सर हौशी. खऱ्या विहिरीत असतं त्याच्या वीसपट नायट्रेट त्यांनी ड्रमात घातलं, का, तर आकडे डोळ्यांत भरले पाहिजेत. मला काय, जेवढं घालाल तेवढ्याचा अमोनिया. चार दिवसांत ड्रम फत्ते.

सरांचा एक नियम होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर चिकटवला होता: ‘वापरलेले पाणी चुन्याने निर्जंतुक केल्याशिवाय सोडू नये.’ दर गुरुवारी पाच वाजता ताई कोपऱ्यातल्या मोरीखालच्या बंद टाकीत चार फावडी चुना टाकायची, ड्रमची तोटी टाकीकडे सोडायची, आणि सगळे घरी जायचे. विरजणाला ठेवतात तसा लोटाभर मी तेवढा बाजूला ठेवलेला असे. बाकीचा मी रात्रभर थेंब थेंब चुन्यात मरत असे.

मरणाचं मला काही वाटत नाही. पण गंमत ऐका. माझा अमोनिया साध्या पाण्यात गुमान विरघळून बसतो, नाकाला पत्ता लागू देत नाही. चुना पडला की मात्र त्याला पाण्यात थारा राहत नाही. तो वायू होऊन उठतो आणि वाट फुटेल तिकडे पळतो. वाट एकच होती. मोरीचा पाइप भिंतीपलीकडच्या प्रसाधनगृहाच्या पाइपाला जोडलेला होता. आता अमोनियाचा वास कशासारखा येतो, ते मी तोंडाने सांगायला नको.

शुक्रवारी सकाळी पहिला माणूस आत गेला आणि नाक दाबून बाहेर आला. मग काय विचारता! अकाउंटवाले म्हणाले, तांत्रिक विभागाच्या लोकांना साधा नेम धरता येत नाही. तांत्रिक विभागवाले म्हणाले, अकाउंटवाले पाणी ओतायलाही कंजूषपणा करतात. भांडण चांगलं रंगात आलं असताना रकानेसाहेब आले आणि म्हणाले, “साफसफाई कुणाकडे आहे?” एका क्षणात सगळ्यांची दिलजमाई झाली.

साफसफाई मावशींकडे होती. अठरा वर्षं. मावशी कमी बोलायच्या आणि पाठीचा कणा ताठ ठेवून चालायच्या. घरी म्हातारी सासू, आणि धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्या मजल्यावरच्या फरशीचा कुठला तुकडा हलतो आणि कुठला नळ कधी गळतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. अठरा वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

“मावशी, वास येतोय,” रकानेसाहेब म्हणाले.

“येतोय ना साहेब. मलाही नाक आहे. मी काल पाच वाजता फिनेल टाकून घासलंय.”

“घासलं असतं तर आला असता का?”

मावशींना मेमो मिळाला: ‘आपल्या कार्यक्षेत्रातील प्रसाधनगृहातून तीव्र दुर्गंधी येत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपणांस ताकीद देण्यात येते.’ नियम असा की तीन ताकिदी झाल्या की कामावरून कमी. मावशींनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि पुन्हा घासायला गेल्या. बोटांची कातडी सोलवटेपर्यंत घासलं. पुढच्या शुक्रवारी वास पुन्हा हजर.

मग इमारत कामाला लागली. सुगंधी वड्या आल्या. ‘स्वच्छता राखा’ असा फलक लागला. तो ज्याने लावला त्याने खिळा ठोकताना एक फरशी फोडली, तीही मावशींच्या खाती पडली. तीन जणांची वास समिती नेमली. त्यातल्या एकाला बारमाही सर्दी, दुसरा दौऱ्यावर, तिसरे स्वतः रकानेसाहेब. समितीने सोमवारी पाहणी केली आणि ‘वास आढळला नाही, मात्र तो येतो’ असा निष्कर्ष एकमताने काढला. पाण्याच्या परीक्षेसाठी पगार घेणारी एवढी माणसं, भिंतीला भिंत लागून प्रयोगशाळा, पण एकालाही वाटलं नाही की या वासाची तपासणी करावी. वास संडासातला होता ना! तो प्रयोगशाळेच्या अखत्यारीत कसा येईल?

तपासणी केली ती मावशींनी. भांडारघराच्या दारामागे एक कॅलेंडर होतं. वास आला त्या दिवशी त्या पेन्सिलीने फुली मारू लागल्या. पाच आठवड्यांत पाच फुल्या पडल्या, सगळ्या शुक्रवारवर. कॅलेंडर काढून त्या रकानेसाहेबांच्या टेबलाशी गेल्या.

“साहेब, वास फक्त शुक्रवारी येतो. सोमवार ते गुरुवार माणसं तीच, मी तीच, फिनेल तेच. मग शुक्रवारीच का?”

रकानेसाहेबांनी कॅलेंडर नीट न्याहाळलं. “याचा अर्थ तुम्ही गुरुवारी काम चुकवता,” ते म्हणाले, आणि दुसरा मेमो टाइप करायला घेतला. पुरावा म्हणून कॅलेंडर जोडलं.

मी त्या वेळी ड्रमात होतो, नाहीतर उठून त्यांच्या चहात पडलो असतो. बाईने सरळ निरीक्षण मांडलं, तेही तारीखवार, आणि तेच तिच्या गळ्यात बांधलं! आमच्या सरांच्या सबंध प्रकल्पात इतकं नीट काम झालेलं नव्हतं.

त्या दिवशी मावशी भांडारघरात उपड्या बादलीवर बसल्या. ताई फडकी मागायला आली होती. “काय झालं मावशी?”

“काही नाही हो. आता एकच राहिला. तिसरा आला की घरी. घरी बसायचंही एक वेळ चालेल, पण दुसरीकडे गेले की विचारणार, आधीचं का सोडलं? काय सांगू? घाण ठेवली म्हणून काढलं? या वयात?”

मावशी उठल्या. “मला एक करून बघायचंय. तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा बरोबर आहे का. मंगळवारी संध्याकाळी मी संडास धुऊन काढते, कुलूप लावते, बाहेर ‘नादुरुस्त’ लिहिते. शुक्रवारपर्यंत कुणी आत जायचं नाही, मीसुद्धा नाही. लोक खाली जातील. माणसांमुळे वास येत असेल तर येणार नाही. आला, तर दुसरंच काहीतरी आहे.”

एरवी ताईच्या वर्गमित्रांना हे समजायला दोन वर्षं लागतात.

“आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा,” मावशी म्हणाल्या. “मी मधे उघडलं असं कुणी म्हणायला नको. तुमच्यावर भरवसा आहे माझा.”

शुक्रवारी सकाळी दोघींनी मिळून कुलूप काढलं. तीन रात्री बंद दार. आत फरशी कोरडी ठाक, भांडं लख्ख. आणि वास असा की ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशींच्या तोंडावर मात्र हसू फुटलं. “बघा! बघा ताई! मी म्हणत नव्हते?”

ताई हसली नाही. ती खाली वाकली. वास भांड्यातून नव्हे, कोपऱ्यातल्या जाळीतून येत होता. ताईने जाळी पाहिली, मग भिंत पाहिली, आणि भिंतीपलीकडे काय आहे ते तिला आठवलं. काल पाच वाजता तिनेच तोटी सोडली होती.

“मी बघते मावशी,” एवढंच बोलून ती निघाली. खोलीत येऊन तिने दार लावलं, माझ्या पाण्यात अमोनियाचं औषध टाकलं. पाणी आधी पिवळं झालं, मग गर्द तपकिरी. पातळ करून पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिने हिशेब मांडला. जेवढं नायट्रेट नाहीसं झालं होतं, जवळजवळ तेवढाच्या तेवढा अमोनिया समोर होता. हवेत काही गेलेलं नव्हतं. देवा, शेवटी कुणीतरी मला विचारलं! मला नाचावंसं वाटत होतं, आणि ती डोकं धरून बसली होती. प्रबंधाची तीन प्रकरणं ‘निरुपद्रवी वायू’वर उभी होती.

तिने सरांना सांगितलं. सरांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तू हे मोजलंसच का?”

“सर, वास—”

“तक्त्यात आहे का रकाना? नाही. मग? पुढच्या गुरुवारी प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांची पाहणी समिती येतेय. तुझा प्रबंधही याच महिन्यात जायचाय. समिती जाऊ दे, मग शांतपणे बघू.”

“पण सर, मावशींना तिसरा मेमो निघतोय. गुरुवारी दुपारी त्यांना खुलाशाला बोलावलंय.”

“निघू दे की. तेवढंच वासाचं प्रकरण मिटेल. नवी बाई आली की लोक महिनाभर तरी बोलणार नाहीत.” सर वाईट नव्हते हो. मुलांच्या फिया भरायचे, गरजूंना पुस्तकं द्यायचे. फक्त त्यांचं गणित चुकत असलं की ते दुसऱ्याला पुसायला लावायचे.

आणि ताई गप्प बसली. हे मला सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही तिला देवी करून मोकळे व्हाल. शुक्रवार गेला, शनिवार, सोमवार गेला. मावशी रोज खोलीत डोकावायच्या. “कळलं का काही?” ताई म्हणायची, “बघतेय अजून.” बुधवारी तर ती मावशींना येताना पाहून दुसऱ्या जिन्याने उतरली. ड्रमात मला चीड आली होती. माझ्यासारखा एका पेशीचा जीव, मला ना हृदय ना मेंदू, पण मी हाताशी आलेलं नायट्राइट अर्ध्यावर कधी सोडत नाही.

गुरुवार उजाडला. समिती आली. तीन पाहुणे, त्यांतल्या प्रमुख एक पांढऱ्या केसांच्या बाई. एसीसाठी खिडक्या बंद केलेल्या. सरांनी ड्रमवर हात ठेवून भाषण केलं. आधीच्या पाण्यात औषध टाकलं, गुलाबी झालं. नंतरच्या पाण्यात टाकलं, काही नाही. टाळ्या पडल्या. प्रमुख बाईंनी विचारलं, “छान. पण हे जंतू पाण्याबरोबर बाहेर जात असतील ना?”

“छे छे! आमचा नियमच आहे,” सरांनी भिंतीकडे बोट दाखवलं. “चुन्याने निर्जंतुक केल्याशिवाय थेंबही सोडत नाही.”

“दाखवाल?”

“ते... ते आम्ही संध्याकाळी करतो. खाली चहा तयार आहे, आपण—”

“मी दाखवते,” ताई म्हणाली.

सरांनी डोळे वटारले. ताईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. व्हरांड्यातून मावशी खुलाशाला निघालेल्या तिला काचेतून दिसल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत ते दोन मेमो. ताईने माझ्या पाण्याने बादली भरली, दोन फावडी चुना घातला आणि काठीने ढवळलं.

बादलीतला मी तिथेच संपलो. पण जाता जाता माझा अमोनिया असा उसळला म्हणता, की पहिल्या पाहुण्याने डोळे मिटले, दुसरा खिडकी उघडायला धावला, त्याला कडी सापडेना. सर खोकत होते, प्रमुख बाई रुमालात नाक खुपसून उभ्या होत्या. आरडाओरडा ऐकून रकानेसाहेब दारात आले, वास घेतला, आणि सवयीने ओरडले, “मावशींना बोलवा! मावशी कुठे आहेत?”

मावशी त्यांच्या मागेच होत्या. “ही मी इथे आहे साहेब. आणि संडास तिकडे आहे.”

ताई डोळे पुसत पुढे झाली. “वास या ड्रमचा आहे. हा जीवाणू नायट्रेटचा वायू करत नाही, अमोनिया करतो. मी मोजलंय. दर गुरुवारी आम्ही चुना टाकतो, तो मोरीतून संडासात जातो आणि शुक्रवारी यांना मेमो मिळतो. वास शुक्रवारीच का येतो, हे आधी यांनी शोधलंय. मी नाही.”

पुढचं तुम्हाला वाटतं तसं झालं नाही. सरांना कुणी काही बोललं नाही. खिडकी उघडून त्यांचा खोकला थांबेपर्यंत त्यांना नवी कल्पना सुचली होती. “याचाच तर आम्ही शोध लावला!” ते म्हणाले. “सांडपाण्यातल्या नायट्रेटपासून थेट खत!” महिन्याभरात प्रकल्पाचं नाव बदललं आणि मुदत दोन वर्षांनी वाढली. ताईला तीन प्रकरणं नव्याने लिहावी लागली. प्रबंध वर्षभर लांबला. चुना तेवढा बंद झाला.

पण त्या दिवशी सगळे चहाला गेल्यावर व्हरांड्यात जे झालं, ते मी विसरलेलो नाही. ताई मावशींचे हात धरायला गेली. मावशींनी हात मागे घेतले.

“ताई, तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. शुक्रवारी.”

“म्हणजे सहा दिवस.” मावशींनी बोटांवर मोजलंसुद्धा नाही. “सहा दिवस मी सासूला काही सांगितलं नाही. लेकीला म्हटलं, वसतिगृहातून एवढ्यात घरी येऊ नको, पाहुणे आहेत. माझ्याच्याने तिच्या तोंडाकडे बघवलं नसतं. आणि तुम्हाला माहीत होतं.”

ताई हुंदके देऊन रडायला लागली. मावशींचेही डोळे भरले होते, पण त्या रडल्या नाहीत. “रडू नका,” त्या म्हणाल्या. “शेवटी बोललात, तेवढं मानते मी. आता ते दोन कागद आहेत ना, त्यांचं काय ते करा. ते माझ्या नावावर नकोत.”

ताई त्याच पावली रकानेसाहेबांकडे गेली. ते म्हणाले, मेमो मागे घ्यायची पद्धत नाही. ताई खुर्ची ओढून बसली. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसली. चौथ्या दिवशी रकानेसाहेब घामाघूम होऊन म्हणाले, “अहो, माझी अडचण समजून घ्या. फाइल बंद करायला दोषी लागतो. त्यांचं नाव काढलं तर कुणाचं घालू? सरांचं घालू?”

“सतरा-ब घाला,” ताई म्हणाली.

आणि खरोखर, माझ्या नावे मेमो निघाला! ‘सतरा-ब या जीवाणूस कळविण्यात येते की, दुर्गंधीस आपण सर्वस्वी जबाबदार असल्याचे सिद्ध झाले आहे. सबब यापूर्वी सफाई कर्मचाऱ्यास दिलेल्या दोन्ही ताकिदी आपल्या नावे वर्ग करण्यात येत आहेत.’ पोच म्हणून सहीच्या जागी माझा एक थेंब टाकला. रकानेसाहेबांनी तो वाळेपर्यंत वाट पाहिली आणि शिक्का मारला. मावशींनी प्रत वाचली, पुन्हा वाचली, आणि मग तोंडाला हात लावून इतक्या हसल्या की त्यांना जिन्यावर बसावं लागलं. बऱ्याच वेळाने मला कळलं की हसणं केव्हाच थांबलंय आणि त्या रडताहेत.

मी तो मेमो आनंदाने घेतला. चूक माझी नव्हती, मी आपलं जन्मभर जे करतो तेच केलं. पण माझं काय जातंय? मला ना सासू, ना लेक, ना दुसरीकडे काम मागायला जायचंय. ती दोन पत्रं मला पेलतात. मावशींना पेलत नव्हती.

सध्या माझा मुक्काम फ्रीजच्या तळाशी, बर्फाहून गार डब्यात, बोटाएवढ्या बाटलीत आहे. झोपलोय म्हणा. कधीतरी काढतील, साखरेचं पाणी देतील, आणि मी पुन्हा कामाला लागेन. तोवर एक विनंती करतो. माझ्याविषयी कुठे लिहाल, तर मी नायट्रेट ‘नाहीसं’ केलं असं लिहू नका. मी काहीच नाहीसं करत नाही, नुसतं रूप बदलून पुढे ढकलतो, आणि पुढे कुणीतरी उभं असतं. म्हणून तुमच्या इमारतीत कधी वास सुटला, तर झाडणाऱ्या बाईला बोलावून रागावण्याआधी तिला एकदा खुर्ची द्या आणि विचारा. तिला वार ठाऊक असतो.